घरी जाऊ नका

परीक्षितने पुढे केलेला पाण्याचा ग्लास त्या माणसाने घेतला नाही. त्याने परीक्षितचं मनगट धरलं आणि ग्लास फरशीवर पडून फुटेपर्यंत ते पिरगाळलं.

"बसा," तो म्हणाला. "निवांत बोलू."

पाच मिनिटांपूर्वी हाच माणूस जिना चढून वर आला होता. बूट त्याने न सांगता दाराबाहेर काढले होते. फिकट निळा, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात औषध कंपन्यांचे लोक वापरतात तशी चामड्याची बॅग. जयपूरच्या बनी पार्कातल्या त्या जुन्या बंगल्यात खाली गेस्टहाऊस होतं, त्यामुळे वाट चुकून वर येणाऱ्यांची ऑफिसला सवय होती. पण या माणसाने सरळ मराठीतच विचारलं, "मिताली इथंच काम करते ना?" आणि परीक्षित हो म्हणाल्यावर तो मनापासून हसला.

"मराठीच का तुम्ही? वा! परमुलखात आपलं माणूस भेटलं की बरं वाटतं. मी विजय. मितालीचा मिस्टर."

मितालीला नवरा आहे आणि ती त्याच्याजवळ राहत नाही, एवढंच परीक्षितला ठाऊक होतं. बाकीचं त्याने कधी विचारलं नव्हतं. एकदा वाऱ्याने दार धाडकन आपटलं, तेव्हा ती दोन्ही हात डोक्यावर घेऊन टेबलाखाली बसली होती. उठल्यावर तिने सगळ्यांची माफी मागितली होती आणि सगळ्यांनी मॉनिटरकडे बघायला सुरुवात केली होती. ते आठवून परीक्षितने आज त्यातल्या त्यात बरं सुचलं ते केलं. तो खोटं बोलला.

"त्या आज सुट्टीवर आहेत."

खरं तर मिताली आणि त्याचा भागीदार कौशिक सकाळीच सी-स्कीम भागात गेले होते, एका मोबाइल कंपनीच्या अधिकाऱ्यांना ॲप्लिकेशन दाखवायला. एकपर्यंत ते परत येणार होते. बाकीचेही बाहेर होते; ऑफिसात परीक्षित एकटाच होता.

"सुट्टीवर," विजयने मान डोलावली. दाराकडे जाऊन त्याने आतून कडी घातली. "म्हणजे घरी असेल. घरचा पत्ता द्या मग."

"पत्ता मला नाही माहीत."

"तुम्हाला नाही माहीत?" विजयने खिशातून मोबाइल काढला, बटणं दाबली आणि पडदा परीक्षितसमोर धरला. "हे काय आहे, सांगा बरं."

पडद्यावर निळ्या चौकटीत मितालीचं नाव होतं. त्याखाली तिचा नवा नंबर, तिचं पद, आणि या ऑफिसचा पत्ता, पिनकोडसकट. ती चौकट परीक्षितने स्वतः काढली होती. निळा रंग नक्की करायला त्याला आठवडा लागला होता.

तो दोन हजार नऊचा एप्रिल होता. कोणी नंबर बदलला की सगळ्या ओळखीच्यांना एकेक मेसेज करत बसावं लागे, निम्मे राहून जात, संबंध तुटत. परीक्षितने आणि कौशिकने यावर उपाय काढला होता. फोनमध्ये आपलं एक कार्ड ठेवायचं. नंबर बदलो, नोकरी बदलो, गाव बदलो, नवं कार्ड आपल्या यादीतल्या प्रत्येकाकडे आपोआप जाणार. चाचणीसाठी त्यांनी चाळीस जणांच्या फोनमध्ये ते घातलं होतं. मिताली त्या चाळिसांतली पहिली, कारण पडद्यांवरचा हिंदी मजकूर तीच लिहायची.

"हे पाठवायच्या आधी मला विचारणार का?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"विचारत बसलं तर कोणी वापरणारच नाही," परीक्षित म्हणाला होता. "एक बटण कमी म्हणजे शंभर माणसं जास्त."

मग तिने कार्डातली घराच्या पत्त्याची ओळ रिकामी ठेवून फोन त्याच्या हाती दिला होता. नवऱ्याचा नंबर तिने केव्हाच पुसला होता. त्याच्या बहिणीचा, साधनाचा, मात्र तिच्याने पुसवला नव्हता.

"माझ्या बहिणीच्या फोनवर आलं हे," विजय म्हणाला. "दोन वर्षं मी हिला शोधतोय, आणि तुम्ही एका मेसेजमध्ये काम केलंत. तुमचे आभारच मानायला पाहिजेत."

मग त्याने परीक्षितच्या मानेवर हात ठेवला आणि त्याचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं.

भुवई फाटली. परीक्षितला आधी आवाज ऐकू आला, दुखलं नंतर. तो उठायला गेला तर पोटात गुडघा बसला. विजय धापाही टाकत नव्हता. खाली पडलेल्या परीक्षितच्या बरगडीत त्याने तीनदा लाथ मारली. पायांत नुसते मोजे होते आणि फरशीवर काचा होत्या, म्हणून दर वेळी तो खाली बघून पाय टाकत होता. मग त्याने परीक्षितला कॉलर धरून खुर्चीत बसवलं, त्याचा शर्टही नीट केला.

"ओरडू नका. या कूलरच्या आवाजात खाली काही जात नाही. पत्ता."

"नाही माहीत."

विजयने लोखंडी टेबलाचा ड्रॉवर उघडला, परीक्षितचा उजवा हात त्याच्या कडेवर पसरला आणि ड्रॉवर मांडीने आत लोटला.

परीक्षित ओरडला तेव्हा त्याला तो आवाज आपला वाटला नाही. मधली दोन बोटं पेरापाशी वाकडी झाली होती, आणि त्यांच्याकडे बघताना आपण सोळा वर्षांपूर्वी शाळेत इंजेक्शनची रांग सोडून पळालो होतो, हे त्याला उगाचच आठवलं.

"दुसऱ्यांदा जास्त दुखतं," विजय म्हणाला. त्याने ड्रॉवर पुन्हा उघडला. लोटला नाही. नुसता उघडला.

"जगतपुरा," परीक्षित म्हणाला.

त्याने फ्लॅटचा नंबर सांगितला, इमारतीचं नाव सांगितलं. सुरुवातीच्या महिन्यांत दोनदा त्याने मितालीला स्कूटरवरून तिथे सोडलं होतं. "स्टेशनवरून सरळ या. पाण्याची टाकी लागेल, तिच्यासमोरच," हेही त्याने सांगितलं. खूण विजयने विचारली नव्हती.

विजयने सगळं खिशातल्या पेनाने डायरीत उतरवून घेतलं. परीक्षितचा मोबाइल त्याने कूलरच्या टाकीत टाकला. टेलिफोनच्या रिसीव्हरची वायर उपटली. आरशात बघून केसांवरून हात फिरवला, बाहेर गेला, बूट घातले, आणि दाराला बाहेरून कडी लावली.

परीक्षितने बाहीने डोळे पुसले. डोळ्यात रक्त येत होतं. मग त्याच्या लक्षात आलं, समोरचा कॉम्प्युटर चालू आहे. कार्ड पाठवायची सगळी यंत्रणा त्यावर होती, आणि त्यातून कुठल्याही मोबाइलवर मेसेज जात होता.

त्याने डाव्या हाताने मितालीचा नंबर घातला. एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'विजय आला होता. घरी जाऊ नका.' त्यापुढे लिहिलं, 'मी त्याला जगतपुऱ्याचा पत्ता दिला.'

ते वाक्य पडद्यावर होतं तोपर्यंत त्याने ते दोनदा वाचलं. ती घरी गेली नाही म्हणजे झालं, असं त्याच्या मनात आलं. पत्ता कोणी दिला, याने काय फरक पडतो? शेवटचं वाक्य त्याने मागून पुढे पुसत आणलं. 'घरी जाऊ नका'पाशी येऊन थांबला आणि मेसेज पाठवला. अकरा पंचवीस झाले होते.

फरक पडत होता. फक्त त्याला तो ठाऊक नव्हता. मिताली जगतपुऱ्याला राहतच नव्हती.

तिथे राहत होत्या सुनंदाकाकू. मूळच्या साताऱ्याच्या. यजमान विमा कंपनीत अधिकारी होते, बदलीवर इथे आले, निवृत्तीनंतर इथेच वारले, आणि त्रेसष्टाव्या वर्षी काकू त्या फ्लॅटमध्ये एकट्या होत्या. जयपूरला आल्यावर मिताली पहिले चार महिने त्यांच्याकडे राहिली. मग ती नोकरदार बायकांच्या हॉस्टेलवर गेली. तेव्हा काकूंनीच सांगितलं होतं, "ऑफिसात पत्ता माझाच राहू दे. कोणी आलंच, तर आधी माझ्या दारात येईल. मी बघून घेईन."

सी-स्कीमच्या त्या थंडगार खोलीत मितालीने मेसेज वाचला, तेव्हा ती उभी राहून पाच माणसांना कार्ड कसं जातं ते दाखवत होती. तिने हॉस्टेलच्या वॉर्डनला फोन केला, गेट बंद ठेवायला सांगितलं. कौशिकला घेऊन ती पोलीस चौकीत गेली. विजयला ऑफिस सापडलं आहे, एवढंच मेसेजवरून कळत होतं. जगतपुऱ्याचा पत्ता एकट्या ऑफिसला ठाऊक होता, आणि ऑफिसात परीक्षित होता; तो सांगणार नाही, याची तिला खात्री होती. काकूंचा विचार तिच्या मनाला शिवला नाही.

बाराला पाच मिनिटं असताना सुनंदाकाकूंनी दार उघडलं. त्या शेंगदाण्याचं कूट करत होत्या. पितळी बत्ता हातात तसाच होता.

विजयने आधी नमस्कार केला, मिताली कुठे आहे ते विचारलं. काकू म्हणाल्या, कोण मिताली? त्याने त्यांना आत ढकललं, दोन्ही खोल्या बघितल्या, कपाट उघडून बघितलं. परत येऊन त्याने त्यांच्या हातातला बत्ता काढून घेतला. पहिला फटका मनगटावर बसला. दुसरा खांद्याजवळ, गळ्याच्या हाडावर. काकू भिंतीला टेकून खाली बसल्या. प्रत्येक फटक्याआधी तो एकच प्रश्न विचारत होता, आणि प्रत्येक वेळी काकू वरच्या मजल्यावरच्या माणसांची नावं घेऊन हिंदीत ओरडत होत्या. चौथ्या फटक्याला गुडघा फुटला. तोपर्यंत वरचे दोघे भाऊ धावत आले. त्यांनी विजयला जिन्यात पाडला, काकूंच्याच ओढणीने त्याचे हात बांधले, आणि पोलीस येईपर्यंत एकजण त्याच्या पाठीवर बसून राहिला.

इकडे बनी पार्कात गेस्टहाऊसच्या मॅनेजरने दार उघडलं, ते परीक्षितने अर्धा तास लाथा मारल्यावर. दवाखान्यात भुवईला सात टाके पडले, बोटांना पट्ट्या बांधल्या. दुपारी कॉन्स्टेबल बयान घ्यायला आला. आरोपीला जगतपुऱ्याचा पत्ता कसा मिळाला, असं त्याने विचारलं.

"स्टाफचं रजिस्टर टेबलावरच होतं," परीक्षित म्हणाला. "त्याने बघितला असेल."

कॉन्स्टेबलने ते लिहून घेतलं. शेजारी मिताली उभी होती. परीक्षितचा बांधलेला हात तिने आपल्या दोन्ही तळव्यांत धरला आणि कपाळाला लावला.

ऑफिसात त्यानंतर सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलू लागले. कौशिक रोज घरून डबा आणायचा. कौशिकचे वडील बँकेच्या बदलीवर जयपूरला आले तेव्हा तो दोन वर्षांचा होता. त्याचं मराठी घरापुरतं उरलं होतं.

"यार, तू मतलब, हिरो निघालास," तो म्हणाला. "माझे तर पहिल्याच थपडेत सगळे पत्ते बाहेर आले असते."

परीक्षितने डब्याचं झाकण लावलं.

"बरं, सांगू का? ते मोबाइल कंपनीवाले हो म्हणाले," कौशिकने खुर्ची जवळ ओढली. "कार्ड आपोआप जातं ना, तेच त्यांना आवडलं. बोलले, यही तो चीज है."

"ते मी काढणार आहे. आधी विचारेल, मगच जाईल. प्रत्येक नावाला वेगळं विचारेल."

"परीक्षित, मतलब, जे झालं ते भयंकरच झालं. पण ती एक केस आहे. लाखो लोकांचे भले होणार असेल तर..."

"तिने विचारलं होतं मला," परीक्षित म्हणाला. "पहिल्याच दिवशी."

परीक्षित डाव्या हाताने कीबोर्डवर काम करत राहिला. नेहमी एका दिवसात होणाऱ्या कामाला त्याला चार दिवस लागले.

पाचव्या दिवशी तो काकूंना भेटायला सरकारी रुग्णालयात गेला. बायकांच्या वॉर्डात पंखे गरगरत होते आणि गरम हवाच फिरत होती. काकूंचा खांदा, मनगट, गुडघा सगळं प्लास्टरमध्ये होतं. चेहऱ्याची एक बाजू वांग्यासारखी झाली होती. मिताली त्यांना ताक पाजत होती. परीक्षितला बघून ती उठली.

"काकू, हे परीक्षित. तुम्ही बसा हां यांच्याजवळ, मी औषधं घेऊन येते."

ती गेल्यावर परीक्षित स्टुलावर बसला. त्याने आणलेल्या मोसंब्या खाटेखाली ठेवल्या, पुन्हा उचलून कपाटावर ठेवल्या.

"फार दुखतं का?" त्याने विचारलं.

"दुखतं की." काकूंना जबडा फार उघडता येत नव्हता. त्या शब्द सांभाळून सोडत होत्या. "तो मला म्हणाला, ऑफिसातल्या पोरानं सांगितलंय, ती इथंच राहते, तुम्ही खोटं बोलू नका. पाण्याच्या टाकीची खूणसुद्धा बरोबर सांगितली, म्हणाला."

परीक्षितने मान वर केली नाही.

"सांगितलंत त्याचं मी काही म्हणत नाही," काकू म्हणाल्या. "मारानं माणूस बोलतो. पोलिसांनी वाकवलेली माणसं मी बघितलीत. पण तो तिथनं निघाला आणि माझ्याकडं पोचला, त्यात अर्धा तास गेला. तुम्ही तिला मेसेज केलात. त्यात एवढं एक घातलं असतंत, तर तिनं मला फोन केला असता. मी दार लावून वर जाऊन बसले असते."

पलीकडच्या खाटेवर कोणीतरी कण्हत होतं. नर्स तिथे गेली, परत आली.

"मी लिहिलं होतं," परीक्षित म्हणाला. "मग पुसलं."

काकूंनी डोळे मिटले. त्याला वाटलं त्यांना झोप लागली.

"तिला मी काही सांगितलेलं नाही," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "ते माझं काम नव्हं."

मिताली औषधं घेऊन आली. जाताना ती त्याला जिन्यापर्यंत पोचवायला आली आणि त्याला आठवण करून दिली, की टाके ओले होऊ देऊ नका.

नवव्या दिवशी विजयला जामीन मिळाला. त्याच्या वकिलाने कोर्टात सांगितलं, की अशिलाला कौटुंबिक तणाव होता, नोकरी चांगली आहे, पूर्वीचा गुन्हा नाही. काकूंना त्याच दिवशी त्यांचा मुलगा पुण्याहून येऊन घेऊन गेला. त्या स्ट्रेचरवरूनच मितालीला दहा सूचना देत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिताली ऑफिसात आली. पाठीला एक सॅक, हातात छोटी बॅग. रिक्षा तिने खाली थांबवून ठेवली होती. हिंदी मजकुराच्या फायली तिने कौशिकला दाखवल्या, कपाटाची किल्ली दिली. कौशिक तिला एक पत्र टाइप करून द्यायला आतल्या खोलीत गेला, तेव्हा ती परीक्षितच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"नवा पडदा बघितला मी," ती म्हणाली. "चांगला झालाय. 'इन्हें भेजें' यात अनुस्वार राहिलाय, तेवढा द्या."

"देतो."

"आईलासुद्धा नाही सांगितलं मी कुठे चालले आहे ते. काकूंना सांगितलंय." तिने पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला. "आणि हा तुमच्याजवळ असू दे. उद्या माझं काही झालं, तर कोणाला तरी ठाऊक असायला हवं. तुमच्याइतका भरवशाचा..."

"मला देऊ नका."

ती हसली. "कार्डात नाही घालायचा. नुसता ठेवा."

"नको, मिताली. मला माहीत नसू दे." परीक्षित उठून उभा राहिला. त्याचा आवाज मोठा झाला होता, तो त्याने खाली आणला. "रजिस्टर कपाटात होतं. कपाटाला कुलूप होतं. त्याने काही बघितलं नाही."

कागद तिच्या हातात तसाच पुढे आलेला राहिला. तिची नजर त्याच्या भुवईवरच्या टाक्यांवर गेली, तिथून बोटांच्या पट्ट्यांवर, आणि तिथेच राहिली. खाली रिक्षावाल्याने हॉर्न दिला. तिने ऐकलं नसावं.

"टाकीची खूण?" तिने अगदी हळू विचारलं. विजय टाकीची खूण विचारत आला होता, हे वरच्या भावांनी तिला सांगितलं होतं, आणि रजिस्टरात ती खूण नव्हती.

"मीच सांगितली. आणि तुम्हाला लिहिलं, त्यात ते घालायचं मी टाळलं. उद्या पोलिसांकडे जाऊन बयान बदलून देणार आहे. पण तुम्ही जायच्या आधी..."

मितालीने कागदाची आणखी एक घडी घातली, मग आणखी एक. तो पर्समध्ये ठेवून तिने चेन ओढली. कौशिक पत्र घेऊन बाहेर आला आणि दोघांकडे आळीपाळीने बघत दारातच थांबला. तिने पत्र घेतलं, त्याला धन्यवाद म्हणाली, बॅग उचलली.

दारापाशी जाऊन ती वळली. तिने परीक्षितकडे नीट बघून घेतलं आणि ती जिना उतरू लागली.

"अरे, खाली जाऊन तिला टाटा तरी करू," कौशिक म्हणाला आणि खिडकीकडे गेला. "चल ना."

रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. परीक्षित खिडकीकडे पाठ करून उभा राहिला.

"कुठल्या बाजूला वळली ते मला सांगू नकोस," तो म्हणाला.